महिन्याचे दोनशे, फेब्रुवारीचे तीनशे

महाराष्ट्रातल्या बहुतेक पगारदारांच्या पगारपत्रकात भविष्यनिर्वाह निधीच्या आसपास एक बारीकशी ओळ असते : व्यवसाय कर, २०० रुपये. फेब्रुवारीत हाच आकडा ३०० होतो. अकरा महिन्यांचे बावीसशे आणि फेब्रुवारीचे तीनशे, मिळून वर्षाला अडीच हजार. नव्याने नोकरीला लागलेला एखादा मुलगा अकाउंट्समधल्या माणसाला विचारतो, हे कशाचे कापलेत? 'पीटी' एवढे उत्तर मिळते आणि विषय संपतो. ही कपात मुळात कोणासाठी सुरू झाली हे समजून घ्यायचे, तर पन्नास वर्षे मागे आणि मुंबई-पुण्यापासून बरेच लांब, दुष्काळी भागातल्या एखाद्या खडी केंद्रावर जावे लागते.

१९७३ चा उन्हाळा. पावसाने दगा दिल्याचे हे सलग तिसरे वर्ष. रस्त्याच्या कडेला दगडांचे ढीग, ढिगाशी हातोडा घेऊन बसलेल्या बायका, बोटांना बांधलेल्या चिंध्या. बाभळीच्या फांदीला लुगड्याची झोळी, झोळीत तान्हे मूल आणि झोळीची दोरी सहा-सात वर्षांच्या थोरल्या बहिणीच्या हातात. मुकादम मस्टरवर हजेरी मांडतो, संध्याकाळी किती ब्रास खडी फुटली ते मोजतो. पाझर तलावाच्या कामावर हेच मोजमाप खणलेल्या चौकडीचे. दुपारी सुकडीचे वाटप होते आणि ओळीत मोठ्यांच्या आधी पोरे उभी राहतात. त्या पिढीतल्या माणसांच्या तोंडी बहात्तरचा दुष्काळ आजही दोन चवींनी येतो : गोडसर सुकडी आणि परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी.

राज्याचे धान्य उत्पादन त्या वर्षी चांगल्या वर्षाच्या निम्म्याहूनही खाली गेले होते. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या ४९ लाखांच्या घरात पोचली. १९७१ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या पाच कोटी होती. म्हणजे मुलेबाळे, म्हातारेकोतारे आणि मुंबईकर धरूनही दर दहा माणसांमागे एक जण त्या महिन्यात सरकारी कामावर दगड फोडत किंवा माती उपसत होता. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी पुढे या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला. धान्य इतके घटूनही मोठी उपासमार टळली, याचे श्रेय त्यांनी मुख्यतः या कामांवरच्या रोख मजुरीला दिले. हातात पैसा आला, म्हणून बाजारात धान्य आले आणि ते घेता आले. मृत्यू वाढलेच नाहीत असे मात्र नव्हे. टिम डायसन आणि अरूप महारत्न या लोकसंख्याशास्त्रज्ञांनी नोंदी तपासून दाखवले, की त्या वर्षांत नेहमीपेक्षा जास्त माणसे दगावली होती.

खडी फोडायला लावून पोट भरण्याची युक्ती तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारने शोधलेली नव्हती. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर इंग्रज सरकारने दुष्काळ संहिता तयार केली. दुष्काळ जाहीर झाला की कामे काढायची, मजुरी जेमतेम जगता येईल एवढीच ठेवायची, म्हणजे खरा गरजूच कामावर येईल, असा तिचा हिशेब होता. जरा मोठ्या मुलांनाही मजूर धरून कमी मजुरी दिली जाई. संहिता पुस्तकात होती, रयतेला तिची गंधवार्ता नव्हती. १८९६ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून तिच्यातल्या तरतुदी समजावून सांगितल्या आणि सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते गावोगाव पाठवले. पीक बुडाले असेल तर साऱ्यात सूट मागा, गुरेढोरे विकून सारा भरू नका, असे ते सांगत फिरत होते. सरकारला हे राजद्रोहासारखे वाटले. काही कार्यकर्त्यांवर खटलेही झाले.

त्या व्यवस्थेत पैसा कोणत्या दिशेने वाहत होता हे पाहण्यासारखे आहे. चांगल्या वर्षी शेतकऱ्याने सारा भरायचा, दुष्काळात त्यातलेच काही खडीच्या मजुरीच्या रूपाने त्याच्याकडे परत यायचे, तेही सरकारच्या मर्जीने. रोजगार हमीच्या इतिहासातली नवी गोष्ट म्हणजे ही दिशा बदलली. पण ती बदलायला बहात्तरचा दुष्काळ पुरेसा झाला नसता. त्याची तयारी काही वर्षे आधी सांगली जिल्ह्यात सुरू झाली होती.

विठ्ठल सखाराम पागे हे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. गांधीवादी, वकील, स्वातंत्र्यसैनिक आणि १९६० पासून अठरा वर्षे विधान परिषदेचे सभापती. सभापतीच्या खुर्चीत बसणाऱ्याने योजना आखण्याचा प्रघात नाही, पण पागेंना एका प्रश्नाने पछाडले होते. पंचवार्षिक योजनांमधून धरणे होतात, कारखाने होतात, आणि शेतमजुराला मात्र वर्षातले कित्येक महिने हाताला काम नसते. एक हकिकत आवडीने सांगितली जाते. पागेंनी घरात पत्नीला विचारले, सरकारने आपल्याला अमुक रुपये दिले तर आपल्या शेतावर किती माणसांना किती दिवस काम देता येईल? पत्नीने शेताचा हिशेब मनाशी मांडून आकडा सांगितला. त्याच आकड्याचा गुणाकार करत पागे मुख्यमंत्र्यांपर्यंत पोचले. हकिकतीतला नेमका आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो. पण तासगाव तालुक्यातल्या काही गावांत साठच्या दशकाच्या अखेरीस 'मागेल त्याला काम' हा प्रयोग खरोखर झाला.

याच सुमारास पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ भारतातल्या दारिद्र्याचे मोजमाप करत होते. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता, की जमिनीच्या फेरवाटपाने किंवा नुसत्या विकासदराने तळचा माणूस वर येणार नाही, त्याला मजुरीचे काम हमीने द्यावे लागेल आणि त्याचा खर्च वरच्या थरांनी उचलावा लागेल. पागेंचे शेत आणि दांडेकरांची आकडेमोड एकाच जागी येऊन थांबली.

१ मे १९७२ रोजी, महाराष्ट्र दिनी, रोजगार हमी योजना (रोहयो) राज्यात सुरू झाली. काही महिन्यांतच दुष्काळाने सगळे गिळले, योजना बाजूला ठेवून दुष्काळी कामे काढावी लागली. दुष्काळ ओसरल्यावर १९७४ मध्ये ती पुन्हा उभी राहिली. आता प्रश्न पैशाचा होता. दुष्काळात केंद्राकडे हात पसरता येतो. पण 'हमी' म्हटले की दरवर्षी पैसा लागणार, पाऊस पडो वा न पडो.

उत्तर १ एप्रिल १९७५ रोजी आले. व्यवसाय, व्यापार, आजीविका आणि नोकऱ्यांवरील कराचा कायदा त्या दिवसापासून लागू झाला. कारकून, शिक्षक, डॉक्टर, वकील, दुकानदार, गिरणीतला जॉबर, सगळ्यांच्या कमाईतून थोडी थोडी रक्कम रोजगार हमीसाठी जाऊ लागली. तेव्हा राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार कोणाकडूनही वर्षाला २५० रुपयांपेक्षा जास्त व्यवसाय कर घेता येत नसे. त्याच्या जोडीला मोटार वाहनांवर आणि विक्रीकरावर अधिभार, बागायती जमिनीवर खास आकारणी, शहरातल्या मोठ्या घरांवर कर, असे इतरही झरे होते. या करांतून जेवढे जमेल, तेवढीच भर राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, असा दंडक ठेवला गेला. व्यवसाय कराचा मोठा भाग मुंबईतून येत असे.

मुंबईने फारशी कुरकुर का केली नाही? रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स या दोघा अमेरिकी अभ्यासकांनी १९८३ मध्ये या प्रश्नाचे रोखठोक उत्तर दिले. बागायतदाराला रस्ते, पाझर तलाव आणि नालाबांध मिळत होते, वरून उन्हाळ्यात मजूर गावातच राहत होता. शहराला गावाकडचा लोंढा थोपवायचा होता. योजना गरिबांची खरी, पण बळकटांनाही तिच्यात वाटा होता, म्हणून ती टिकली.

१९७७ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी रोजगार हमी कायदा एकमताने मंजूर केला. तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. संहितेच्या काळात जी सरकारची मेहेरबानी होती, तिचा आता हक्क झाला. ग्रामीण भागातल्या कोणाही सज्ञान व्यक्तीने काम मागायचे, १५ दिवसांत काम मिळाले नाही तर दिवसाला किमान एक रुपया बेकारी भत्ता. एका रुपयाची ही तरतूद व्यवहारात फार क्वचित वापरली गेली, पण ती कायद्यात होती. आणखी एक ओळ होती : कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचार आणि लहान मुलांसाठी पाळणाघर. बाभळीच्या झोळीची कायद्याने घेतलेली दखल ती एवढीच. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी पाळणाघर म्हणजे मुलांवर लक्ष ठेवायला बसवलेली एखादी म्हातारी मजूर बाई, आणि पुष्कळ ठिकाणी तीही नसे.

तरीही मुलांच्या ताटात काही पडले का? याचे बऱ्यापैकी नेमके उत्तर सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातले शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातले कंझारा या दोन गावांतून मिळते. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेने १९७५ पासून या गावांतल्या ठरावीक कुटुंबांची कमाई, कामाचे तास, पीकपाणी वर्षानुवर्षे नोंदवले. गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हेलियन या अर्थतज्ज्ञांनी त्या नोंदींवरून एक अवघड प्रश्न सोडवला. रोहयोवर मिळालेले शंभर रुपये म्हणजे घरात आलेले शंभर रुपये नव्हेत, कारण त्या दिवसांत माणसाने दुसरीकडे काही तरी कमावले असते. ते 'काही तरी' किती? हिशेब निघाला सुमारे पाव. म्हणजे शंभरातले पाऊणशे रुपये खरेच नवे होते. शेतमजुराच्या घरात एप्रिल-मे महिन्यांत दुसरे कामच नसते, म्हणून हा पैसा मुख्यतः भर घालणारा ठरला.

त्याच नोंदींत आणखी एक गोष्ट दडलेली होती. शिरापुरात पुरुषांनी रोहयोला दिलेला वेळ मुख्यतः बेकारीतून आला. बायकांचा वेळ आला तो घरकाम आणि विश्रांतीच्या खात्यातून. अर्थशास्त्राच्या तक्त्यात ही एक ओळ आहे, घरात मात्र तिचा अर्थ वेगळा होतो. पाणी भरायचे, जळण गोळा करायचे, धाकट्याला सांभाळायचे काम कुठे नाहीसे होत नाही, ते थोरल्या मुलीकडे जाते. रोहयोवर बायकांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास होते, काही वर्षी त्याहूनही जास्त. बाईच्या हाती थेट मजुरी पडणे ही त्या काळच्या खेड्यात नवलाची गोष्ट होती आणि तो पैसा तेल-मीठ-धान्यात जात होता. तिच्या मुलीची शाळा मात्र कधी कधी त्याच मजुरीत खर्ची पडत होती. पुढे हीच योजना देशभर गेल्यावर दोन अभ्यासांनी याच्या दोन बाजू दाखवल्या. फरझाना आफ्रिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आंध्र प्रदेशात आढळले, की आईला काम मिळाले की मुले शाळेत जास्त वेळ असतात. मनीषा शाह आणि ब्राइस स्टाइनबर्ग यांना देशभरच्या आकडेवारीत दिसले, की मजुरीची संधी वाढल्यावर मोठी मुले-मुली शाळेतून गळतात, कोणी मजुरीला तर कोणी घरकामाला.

१९८८ हे वर्ष या कथेत दोनदा येते. त्या वर्षी रोहयोची मजुरी किमान वेतनाशी जोडली गेली आणि दर एकदम दुप्पट झाला. मजुरांच्या घरात दिवाळी यायला हवी होती. पण ऐंशीच्या दशकाच्या मध्याला वर्षाकाठी १८-१९ कोटी मनुष्यदिवस काम देणारी योजना दशक संपताना त्याच्या निम्म्याहूनही खाली घसरली. रॅव्हेलियन, दत्त आणि शुभम चौधुरी यांनी याचा छडा लावला. कामाची मागणी वाढली होती, सरकारने ती भागवणेच आखडते घेतले होते. कामे मंजूरच होईनात, गावात काम नाही म्हणून अर्जच घेतले जाईनात. कागदावर हमी तशीच राहिली. मस्टरवरची बोगस नावे, मुकादम आणि कंत्राटदारांची साटीलोटी ही दुखणी आधीपासून होतीच. नव्वदच्या दशकात तर शहरांतून जमलेला निधी पुरता खर्चच होईना. फळबागा आणि विहिरींसाठी योजना खुली झाल्यावर डाळिंबाच्या, आंब्याच्या बागा उभ्या राहिल्या. त्यांचा फायदा खरा, पण ज्याच्याकडे जमीन त्यालाच तो मिळाला.

आणि मग १९९२ चा पावसाळा आला. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणी परिसरात शंभराहून अधिक आदिवासी बालके दगावली. पुढच्याच वर्षी अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटातून तशाच बातम्या आल्या. वर्तमानपत्रांनी रकाने भरले, मंत्र्यांच्या गाड्या घाट चढल्या, उच्च न्यायालयात याचिका गेल्या, १९९५ मध्ये आदिवासी भागांसाठी नवसंजीवन योजना आली. देशातली सर्वात जुनी रोजगार हमी असलेल्या राज्यात मुले भुकेने का मरावीत, हा प्रश्न तेव्हा पुष्कळांनी विचारला.

त्याचे उत्तर योजनेच्या वेळापत्रकात होते. रोहयोची कामे दगड-मातीची. ती उन्हाळ्यात भरभरून चालतात, पाऊस लागला की थांबतात. डोंगराळ आदिवासी भागात खरी टंचाई पावसाळ्यातच असते : मागचे धान्य संपलेले, नवे हाती यायचे, ओढ्यांना पूर म्हणून रस्ते बंद, मुलांना जुलाब, ताप. आई चिखलात भाताच्या लावणीला जाते, तान्ह्याचे दूध तुटते. शासनाला हे ठाऊक नव्हते असे नाही. पावसाळ्यापुरते आदिवासींना खावटी कर्ज देण्याची योजना १९७८ पासून होती. पण ते कर्ज होते आणि रोहयो ही मजुरी होती. मूल आहे म्हणून, फक्त त्या एका कारणासाठी, घरात चार पैसे यावेत अशी तरतूद दोन्हींत नव्हती. ज्याला फावडे उचलता येते त्यालाच हमी लागू. सहा महिन्यांचे बाळ, बाळंतीण, आजारी बाप किंवा घाटावर ऊसतोडीला गेलेली नवरा-बायकोची कोयता जोडी यांना ती लागू होतच नव्हती.

२००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. २ फेब्रुवारी २००६ रोजी आंध्र प्रदेशातल्या अनंतपूर जिल्ह्यातून त्याची सुरुवात झाली. काम मागण्याचा हक्क, पंधरा दिवसांची मुदत, बेकारी भत्ता, पाळणाघर, अशी पागेंच्या कायद्यातली कलमे त्यात जवळजवळ जशीच्या तशी गेली. वर्षाला शंभर दिवसांच्या मजुरीचा भार केंद्राने उचलला, त्यापुढचे दिवस महाराष्ट्राने आपल्या कायद्याखाली ठेवले. विसापूरच्या शिवारात सुरू झालेली गोष्ट देशाची झाली. महाराष्ट्र मात्र तोवर स्वतःच्याच योजनेत मागे पडलेला होता.

व्यवसाय कर चालू राहिला, आणि १९८८ हे वर्ष दुसऱ्यांदा येते ते इथे. त्या वर्षी साठाव्या घटनादुरुस्तीने वर्षाकाठी २५० रुपयांची मर्यादा २,५०० रुपये केली. म्हणूनच फेब्रुवारीचे तीनशे. पण मर्यादा जशी वाढत्या पगारांबरोबर सरकत नाही, तसा करही पगाराच्या प्रमाणात वाढत नाही. २०२३ पासून महिना २५ हजारांपर्यंत कमावणाऱ्या बायकांना सूट आहे. महिना दहा हजारांच्या वर गेलेला पुरुष मात्र वर्षाला अडीच हजार भरतो. एखाद्या कंपनीच्या दारात बारा हजारांवर उभा असलेला रखवालदार अडीच हजार भरतो, आणि त्याच दारातून गाडीतून आत जाणारा, महिना बारा लाख घेणारा साहेबही अडीच हजारच भरतो. तो रखवालदार पुष्कळदा दुष्काळी तालुक्यातून आलेला असतो, त्याची बायकामुले गावी असतात. बलवंतांनी दुर्बलांचा भार उचलावा म्हणून लावलेला कर आता दोघांकडून सारखाच वसूल होतो, आणि तो ज्या घराला जड जातो तिथली मुले अजून शाळेत जाणारी असतात. पंधराव्या वित्त आयोगाने ही मर्यादा वाढवण्याची शिफारस केली आहे. घटनेत आकडा अजूनही २,५०० चाच आहे.